गूळ, धोत्रा आणि तारेचे कुंपण

गेल्या उपवासकाळात आमच्या युवक मंडळाच्या बैठकीत एका तरुणाने मोबाइलवरील एक चित्रफीत सर्वांना दाखविली. जगातील प्रत्येक गुप्त संघटनेच्या विधीत एखादी मादक वनस्पती दडलेली असते, आणि त्या विधीतील चिन्हे म्हणजे त्या वनस्पतीकडे बोट दाखविणाऱ्या खुणा होत, असा तिचा एकूण सूर होता. फ्रीमेसन मंडळींची बाभळीची डहाळी, ठगांचा गूळ आणि शेवटी आपल्या मिस्सेतील द्राक्षारस, अशी सगळी एकाच माळेत ओवलेली होती. ठगांचे चित्र पडद्यावर येताच कोणीतरी हसत एका मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, तुमच्याच घराण्याचा गूळ ना हा?" तो मुलगा सोलापूरच्या सेटलमेंट वस्तीतला. सगळे हसले. तोही हसला, पण त्याची मान खाली गेली ती बैठक संपेपर्यंत वर आली नाही.

आम्ही त्या वेळी काहीतरी बोलून विषय बदलला. तसे करणे सोपे होते, म्हणून केले. परंतु ती खाली गेलेली मान आम्हांस सलत राहिली. हा लेख म्हणजे त्या बदललेल्या विषयाकडे परत जाण्याचा प्रयत्न आहे.

ठगांची कथा शोधण्यास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला उभा आहे. निजामाने १८५३ साली जे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिले, त्यांतील नळदुर्गच्या भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला आणि कोवळ्या वयात हिंदुस्थानात आलेला हा माणूस निजामाच्या चाकरीत शिरला, आणि तरुणपणी याच मुलखात पोलिसाचे काम करीत असताना प्रवाशांच्या बेपत्ता होण्यामागचे धागे त्याच्या हाती लागू लागले. मध्येच बदली झाली नसती तर ठगीचा उलगडा जगापुढे प्रथम आपणच केला असता, अशी खंत त्याने उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि आपल्या भाषेतील 'ठग' हा शब्द इंग्रजी वाचकाच्या तोंडी कायमचा बसला.

उलगड्याचे श्रेय मिळाले ते विल्यम स्लीमन यांना. जबलपूर भागात काम करणाऱ्या या अधिकाऱ्याने माफीचे साक्षीदार हाताशी धरून ठगांच्या टोळ्या पकडल्या आणि १८३६ साली 'रामसीयाना' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रामसी म्हणजे ठगांची सांकेतिक बोली. या ग्रंथातून जो विधी जगाला माहीत झाला त्याचे नाव 'तुपोनी'.

साक्षीदारांनी सांगितलेला तो विधी असा. प्रवाशांचा घात पार पडल्यावर सव्वा रुपयाचा गूळ आणीत. स्वच्छ चादर अंथरून टोळीचा नायक पश्चिमेकडे तोंड करून बसे. ज्यांनी स्वतः फास आवळला होता असे नामांकित गडी त्याच्या दोन्ही बाजूंस. ज्याने अद्याप कोणाचा जीव घेतला नव्हता त्याला त्या चादरीवर स्थान नसे. गुळाशेजारी पूजलेली कुदळ आणि चांदीचे नाणे ठेवीत. जमिनीत लहानसा खळगा करून त्यात थोडा गूळ सोडीत, देवीची प्रार्थना करीत, आणि मग गळा आवळण्याच्या वेळचीच खूण झाल्यावर सगळे मुकाट्याने तो गूळ खात. ही खूण बहुधा तंबाखूविषयीच्या एखाद्या साध्या बोलण्याची असे. वाटसरूला वाटे, सोबती चिलीम भरण्याची तयारी करीत आहेत. आणि मागे उभ्या असलेल्याचा रुमाल त्याच्या गळ्याभोवती पडे.

फिरंगिया नावाचा एक प्रसिद्ध ठग १८३० च्या सुमारास पकडला गेला व माफीचा साक्षीदार झाला. तुम्हांला त्या प्रवाशांची दया येत नाही काय, असे स्लीमन यांनी विचारले असता त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की दया येते. पण तो गूळ एकदा पोटात गेला की माणसाचा स्वभावच पालटतो. आपल्याला पोटापाण्याची ददात नव्हती, प्रतिष्ठित लोकांचा आश्रय होता, तरी आपण पुनःपुन्हा टोळीकडे परतलो, कारण बापाने लहानपणीच तो गूळ चाखविला होता, असे त्याचे म्हणणे.

येथेच त्या चित्रफितीतील तर्काला खाद्य मिळते. स्वभाव पालटणारा गूळ म्हणजे त्यात काहीतरी मिसळलेले असणारच! १९८४ साली आलेल्या एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात तर ठगांचे पुजारी बळजबरीने एक पेय पाजून माणसाला बेभान करताना दाखविले आहेत. परंतु स्लीमन यांच्या साक्षीदारांनी वर्णिलेला गूळ हा बाजारातला साधा गूळ आहे. सोलापूरच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतो तोच. त्याचे सामर्थ्य वनस्पतीत नव्हते. ते चादरीत होते. त्या चादरीवर बसण्यासाठी आधी एक खून करावा लागे. खून करून आलेली माणसे एकत्र बसून एकाच ताटातले गोड खात आणि त्या क्षणी कोणीही एकटा अपराधी राहत नसे. पाप वाटून घेतले की ते हलके वाटते. असा अनुभव घेतलेल्या माणसाला गुळाची चव बदलल्यासारखी वाटली असेल तर त्यात नवल ते काय? पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हे निराळे सांगावे लागत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. मादक वनस्पतीचा गुन्ह्यासाठी वापर खरोखर होत होता काय? होत होता, आणि ती वनस्पती म्हणजे आपल्या उकिरड्यावर व रस्त्याच्या कडेला उगवणारा धोत्रा. पांढऱ्या अगर जांभळट कर्ण्यासारखे फूल आणि काटेरी फळ असलेले हे झुडूप महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? त्याच्या बियांत हायोसायमीन, हायोसीन आणि अॅट्रोपीन ही विषारी द्रव्ये असतात. बी पोटात गेले म्हणजे घशाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नजर अंधुक होते, माणूस असंबद्ध बडबडतो, हवेतल्या नसलेल्या वस्तू चिमटीत पकडू पाहतो. आणि वाचलाच तर झाल्या प्रकाराची त्याला आठवण राहत नाही. चोराला याहून सोयीचे काय असणार?

या वापराचा एक फार जुना छापील पुरावा गोव्यातला आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोत्र्याचे प्रकरण आहे. धोत्रा खाऊ घातलेला माणूस हसत राहतो आणि आपले दागदागिने कोणी नेले तरी नेऊ देतो, चोर व नोकरचाकर याचा लाभ उठवितात, असे ऑर्ता सांगतो. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी असलेल्या यान हाउखेन फान लिन्स्कोटेन या डच माणसानेही धोत्र्याच्या अशाच कथा नोंदविल्या, आणि त्याचा ग्रंथ १५९६ साली छापून निघाल्यावर त्या युरोपभर पसरल्या. एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय न्यायशास्त्रावर येथे जी इंग्रजी पुस्तके झाली, त्यांत धोत्र्याच्या विषप्रयोगाला मोठी जागा द्यावी लागली. वाटेवरच्या धर्मशाळेत गोड बोलून जवळ येणारा, शिजविलेल्या अन्नात बियांची पूड टाकणारा हा भामटा खरा होता. सरकारी कागदपत्रांत अशांना 'धतुरिये' म्हटले आहे.

पण या धतुरियांची दीक्षा नव्हती, चादर नव्हती, कुदळीची पूजा नव्हती. धोत्रा हे त्यांचे हत्यार होते, प्रसाद नव्हे. तो ते स्वतः खात नसत, दुसऱ्याला खाऊ घालीत. उलट, धोत्र्याचे जे धार्मिक स्थान आहे ते अगदी उघड आहे. महाशिवरात्रीला आमच्या शहरातील श्री सिद्धेश्वर मंदिराच्या वाटेवर बेलाबरोबर धोत्र्याची फुले-फळे टोपलीत मांडून विकली जातात. भाविक ती महादेवाला वाहतात, स्वतः खात नाहीत. विष पचविणाऱ्या देवाला विषारी फळ वाहावे, हा त्यामागचा अर्थ कोणतीही आजी सांगेल. त्यात गुप्त असे काहीच नाही.

म्हणजे हिशेब असा लागतो. जेथे गुप्त विधी होता तेथे मादक वनस्पती नव्हती. जेथे मादक वनस्पती होती तेथे गुप्त विधी नव्हता. चित्रफितीने ही दोन टोके ओढून एकत्र बांधली.

बाभळीचीही गोष्ट तशीच. फ्रीमेसन संघटनेच्या तिसऱ्या पायरीच्या दीक्षेत हिराम नावाच्या शिल्पकाराच्या वधाची कथा सांगतात. त्याच्या थडग्यावर बाभळीची डहाळी खोचलेली असते. मरणावर मात करणाऱ्या जीवनाचे हे चिन्ह, असा त्याचा अर्थ ती मंडळी स्वतःच आपल्या पुस्तकांतून देतात. बाभळीच्या काही परदेशी जातींत भ्रम उत्पन्न करणारे द्रव्य सापडते, एवढ्यावरून अलीकडे काही लेखकांनी या डहाळीत मादक काढ्याचे रहस्य शोधले आहे. परंतु ते द्रव्य नुसते प्याल्याने परिणाम करीत नाही. आमच्या सोलापूरच्या माळावर बाभळीला तोटा नाही. तिच्या काडीने पिढ्यान्‌पिढ्या दात घासले, सालीने कातडे कमावले, डिंकाचे लाडू बाळंतिणीने खाल्ले. कोणास दृष्टान्त झाल्याचे ऐकिवात नाही. तिची बहीण हिवर, हिची साल दारू गाळताना वापरीत हे खरे. पण तेथेही नशा सालीची नव्हे, आंबविलेल्या गुळाची. आणि बाभळीला पवित्र मानणारे फ्रीमेसन पहिले नव्हेत. निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वराने मोशेला कराराचा कोश करण्यास सांगितले ते बाभळीच्याच लाकडाचा. वाळवंटात टिकणारे दुसरे लाकूड होते कोठे?

कॅथलिक ख्रिस्तसभेने आपल्या लोकांना फ्रीमेसन संघटनेत जाण्यास मनाई केली ती पोप बारावे क्लेमेंट यांनी, १७३८ साली. २६ नोव्हेंबर १९८३ च्या घोषणेने ती मनाई कायम असल्याचे सांगितले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रोमने पुन्हा तेच स्पष्ट केले. ही मनाई आम्ही मानतो. पण तिचे कारण श्रद्धेच्या तत्त्वांतील विरोध हे आहे. बाभळीचा काढा नव्हे. ज्याच्याशी आपला मतभेद आहे त्याच्याविषयी खोटे सांगण्याची मुभा आठवी आज्ञा आपल्याला देत नाही.

मग ठगांच्या विधीतील त्या गूढ अर्थांचे एवढे मोठे जाळे कोणी विणले? साक्षीदारांनी आणि ऐकणाऱ्यांनी मिळून, असे म्हणावे लागते. साक्षीदाराचा जीव त्याच्या सांगण्यावर टांगलेला होता. ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक शकुनात, प्रत्येक नवसात एका अखिल हिंदुस्थानव्यापी पंथाचा पुरावा दिसत होता. टोळ्या खऱ्या होत्या, खून खरे होते. विहिरींतून, खड्ड्यांतून बाहेर काढलेली प्रेते खरी होती. त्या निरपराध वाटसरूंच्या दुःखाकडे कोणी डोळेझाक करू नये. परंतु किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी (त्यांचा ग्रंथ २००७ चा) दाखवून दिले आहे, की या टोळ्यांमागे दुष्काळ, मोडलेल्या फौजा, जमीनदारांचा आश्रय अशी ऐहिक कारणे होती. शिवाय टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. टेलरच्या कादंबरीचा नायक अमीर अली मुसलमानच आहे. तेव्हा एकाच देवीचा एकच गुप्त धर्म, हे चित्र फार सोपे होते.

आणि सोपे चित्र कायद्याला फार आवडते. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून त्याने केला हे दाखविण्याची गरज राहिली नाही. शिक्षा कृत्याला नव्हे, नात्याला मिळू लागली. पस्तीस वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आता टोळीचेही कारण उरले नाही. जन्म पुरेसा झाला. १९११ साली नवा कायदा करून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि त्यानंतर सोलापुरात तारेच्या कुंपणामागे ती वसाहत उभी राहिली, जिला आपण आजही इंग्रजी नावानेच 'सेटलमेंट' म्हणतो. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबे तेथे आणून ठेवली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचे नाही, आणि दिवसा गिरणीत राबायचे. ज्या सोलापुरी चादरीचे आपण कौतुक करतो तिच्या गावातील गिरण्यांचे सूत या कुंपणामागच्या हातांनीही कातले आहे. हिंदुस्थानात अशा काही वसाहतींचा कारभार ख्रिस्ती मिशनांनीही पत्करला होता. त्यांत शाळा काढणारी, आजाऱ्याची सेवा करणारी माणसे होती; पण कुंपणाची किल्ली हाती घेतलेल्याला कुंपणाचा जाब द्यावा लागतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. तार गेली, पण बोलण्यातली तार गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला, तेव्हा मराठी वाचकाला ही तार किती रुतते ते कळले.

वाचकहो, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष जाणले पाहिजे, कारण एके काळी गुप्त संघटना म्हणून आपल्याच पूर्वजांवर संशय होता. सुमारे ११२ साली बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेली माणसे त्याच्यापुढे आणली गेली, तेव्हा त्याने चौकशी मांडली. मंडळीत सेविका म्हणविल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळही केला. निष्पन्न काय झाले? ते ख्रिस्ताला स्तोत्र गातात, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि साधे निरुपद्रवी अन्न खातात. तरीही लोकांत बोलले जाई, की ख्रिस्ती लोक पिठात लपेटलेले मूल मारून खातात. मिनुशियस फेलिक्सच्या ग्रंथात ही अफवा नोंदलेली आहे आणि तेर्तुलियनने १९७ साली तिच्यावर खरमरीत उत्तर लिहिले. एका प्रसादाच्या विपर्यासावरून आपली माणसे सिंहांपुढे गेली.

त्या काळी आपण काही गोष्टी झाकून ठेवीत होतो, हेही खरे. बाप्तिस्मा न झालेल्यांना मिस्साबलिदानाच्या मध्यापूर्वी निरोप दिला जाई. परंतु चौथ्या शतकात यरुशलेमचे संत सिरिल यांनी नवबाप्तिस्मितांना जी प्रवचने दिली ती आजही कोणालाही वाचता येतात. त्यांत भाकर, द्राक्षारस, तेल आणि पाणी याखेरीज काही निघत नाही. जॉन अॅलेग्रो या इंग्रज पंडिताने १९७० साली ख्रिस्ती धर्माचे मूळ एका मादक अळंबीत शोधले. भाषाशास्त्रज्ञांनी तो तर्क फेटाळला. आपला धर्मकायदा तर सांगतो, की मिस्सेची भाकर निव्वळ गव्हाची आणि द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा असावा, त्यात भेसळ नसावी. त्या तरुणाच्या पहिल्या शंकेचे उत्तर एवढेच आहे.

पण छळ सोसलेले पुढे छळ करणारे होत नाहीत, असे मात्र नाही. धोत्र्याचे वर्णन करणारा तो गार्सिया द ऑर्ता ज्यू वंशाचा होता. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली. १५६८ साली ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून, जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० साली त्याच्या स्वतःच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. शनिवारी कोण धुतलेले कपडे घालतो, कोण डुकराचे मांस टाळतो, या खुणांवरून त्या काळी घराघरांत गुप्त विधी शोधले जात. चिन्हे वाचण्याचा तो सोस आपल्याच वेदीच्या छायेत वाढला. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाने केलेल्या अशा हिंसेबद्दल जाहीर क्षमायाचना केली. क्षमा मागितली म्हणजे स्मरण संपले, असे होत नाही. खरे तर तेथून ते सुरू होते.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकाने प्रभू येशूला त्याच्या शिकवणीविषयी विचारले तेव्हा आपण जगापुढे उघडपणे बोललो, गुप्तपणे काहीच बोललो नाही, असे प्रभूने सांगितले. या उत्तराबद्दल त्याला चपराक मिळाली. ज्यांना रहस्यच हवे असते त्यांना उघड्या दाराचा राग येतो.

युवक मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही वर लिहिलेले बरेचसे तरुणांना सांगितले, आणि आधीच्या बैठकीत गप्प बसल्याबद्दल त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. थट्टा करणाऱ्यानेही मागितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो मुलगा आपण होऊन बोलू लागला. त्याच्या पणजीला रोज हजेरी द्यावी लागे. कायदा गेल्यावरही कित्येक वर्षे ती त्या ठराविक वेळेला दारात येऊन उभी राहत असे. घरातली माणसे तिला हाताला धरून आत आणीत.

त्या दिवशी बैठकीनंतर नेहमीप्रमाणे चहा झाला. कपबशा गोळा करण्यासाठी सर्वांत आधी कोण उठले ते आम्ही पाहिले. थट्टा करणाराच उठला, आणि त्याने पहिला कप त्या मुलाच्या हातून घेतला.